तेराशे अंशांच्या पलीकडची पोर्सेलिन माती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीकाम शिकवताना, भट्टी उघडताना आणि बहुतेक वेळा रात्री अकरानंतर फोनवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १२८० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजायच्या पोर्सेलिनपुरती आहेत. १२२० अंशांना पिकणारी (भाजून घट्ट होणारी), 'पोर्सेलिन' म्हणून विकली जाणारी पांढरी माती हा वेगळा विषय आहे.

ताई, एक खात्रीची रेसिपी द्या ना.

घ्या. केओलिन ५०, पोटॅश फेल्डस्पार (भट्टीत वितळणारा दगड) २५, क्वार्ट्झ (गारगोटी) २५, सगळं वजनाने. युरोपातल्या कठीण पोर्सेलिनचं हे जुनं प्रमाण आहे आणि ते कुठेही सापडतं. आता तुम्ही ते तोलाल, मळाल, भाजाल, आणि वाडगा एकतर भट्टीच्या शेल्फवर मऊ पडून बसलेला असेल नाहीतर सच्छिद्र राहून पाणी पीत असेल. मग मला फोन येईल की रेसिपी चुकीची आहे.

रेसिपी चुकीची नसते. तिच्यात 'केओलिन' हे नाव लिहिलेलं असतं, तुमच्या पोत्यात काय आहे ते नसतं. '१३०० अंश' लिहिलेलं असतं, पण त्या तापमानाला तुमची भट्टी किती वेळ थांबते ते नसतं. या पानावर मी एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडाने सांगणार आहे: फेल्डस्पारचा आकडा तुमची भट्टी आणि तुमचं पोतं ठरवतं. तो सापडला की बाकीचे आकडे त्याच्या मागे येतात.

हे तीन घटक नेमकं काय करतात?

केओलिन म्हणजे शुद्ध चिनी माती. तिच्यात साधारण ३९.५ टक्के ॲल्युमिना, ४६.५ टक्के सिलिका आणि १४ टक्के पाणी असतं. हे पाणी ओलाव्याचं नव्हे, कणाच्या रचनेतलं. ते ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं. पुढे ९८० अंशांच्या आसपास रचना पुन्हा बदलते आणि ११०० च्या वर म्युलाइट या ॲल्युमिना-सिलिकेच्या खनिजाचे स्फटिक दिसू लागतात. भांडं उभं राहतं ते या म्युलाइटमुळे.

फेल्डस्पार वितळतो. शुद्ध पोटॅश फेल्डस्पार ११५० अंशांच्या सुमारास वितळू लागतो, पण शेजारी बारीक क्वार्ट्झ असेल तर पहिला द्रव ९९० अंशांच्या आसपासच तयार होतो. तो द्रव आधी केओलिनच्या कणांमध्ये शिरतो, नंतर हळूहळू क्वार्ट्झ खाऊ लागतो. त्यातच म्युलाइटच्या दुसऱ्या पिढीच्या सुया वाढतात, लांब आणि बारीक. थंड झाल्यावर या सगळ्याभोवती काच उरते. चांगल्या पोर्सेलिनमध्ये निम्म्याहून जास्त भाग काचच असतो, म्हणून त्यातून उजेड दिसतो.

क्वार्ट्झचं काम लोकांना कळत नाही, कारण तो काही करताना दिसत नाही. कच्च्या मातीत तो आकसणं कमी करतो. भट्टीत तो सावकाश विरघळतो आणि वितळलेली काच घट्ट ठेवतो. गुळाच्या पाकात साखर वाढवली की पाक जसा जड होतो, तशी सिलिका वाढली की काच जड होते. पाक पातळ राहिला तर भांडं बसतं.

रासायनिक हिशेब करायलाच हवा का?

एकदा तरी करा, हातानं. ५०-२५-२५ घ्या. फेल्डस्पारमध्ये १६.९ टक्के पोटॅशियम ऑक्साइड असतं असं धरलं, तर शंभर ग्रॅम कोरड्या मिश्रणात ते ४.२ ग्रॅम येतं. ॲल्युमिना केओलिनमधून १९.७५ आणि फेल्डस्पारमधून ४.६, मिळून २४.३. सिलिका केओलिनमधून २३.२५, फेल्डस्पारमधून १६.२ आणि क्वार्ट्झचे २५, मिळून ६४.४. बेरीज ९३ भरते, उरलेले ७ ग्रॅम वाफ होऊन गेले. भाजलेल्या भांड्याचं गणित मांडलं तर पोटॅश (म्हणजे तेच पोटॅशियम ऑक्साइड) ४.५, ॲल्युमिना २६ आणि सिलिका ६९ टक्के.

हे तीन आकडे लक्षात ठेवा. कुणाचीही रेसिपी आली की या तिघांशी ताडून पाहायची. पोटॅश आणि सोडा (सोडियम ऑक्साइड) मिळून सहा टक्क्यांच्या वर गेले असतील आणि समोरचा "१३५० ला छान होते" म्हणत असेल, तर त्याचा पायरोमीटर (भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्र) तपासायला सांगा.

तापमान वाढवलं की फेल्डस्पार किती कमी करायचा?

सुरुवातीचा अंदाज देते, त्याला वेदवाक्य समजू नका. १२८० ते १३०० ला २५ ते २८ टक्के. १३५० ला २२ च्या आसपास. १४०० ला १८ ते २२. जो फेल्डस्पार कमी केला तो बहुतेक केओलिनमध्ये घाला, थोडा क्वार्ट्झमध्ये. प्रयोगशाळेतल्या मुशी आणि नळ्यांसाठीच्या पोर्सेलिनमध्ये केओलिन याहून जास्त असतं, कारण तिथे उजेड दिसण्यापेक्षा आकार टिकणं महत्त्वाचं.

मग युरोपात १४०० लाही २५ टक्के कसा चालतो? तिथलं केओलिन बहुधा चांगलं धुतलेलं, अल्कली (पोटॅश-सोडा) कमी असलेलं. आपल्याकडच्या बऱ्याच केओलिनमध्ये अभ्रकाची भुकटी असते आणि अभ्रकात पोटॅश असतं. पोत्यासोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर केओलिनमध्ये १.५ टक्के पोटॅशियम ऑक्साइड लिहिलं असेल, तर ५० टक्के केओलिनमधून ०.७५ टक्के आलं. हे जवळजवळ साडेचार टक्के फेल्डस्पारइतकं झालं! तुम्ही २५ घातला, भट्टीला साडेएकोणतीस दिसला. माझ्याकडे आलेल्या 'बसलेल्या' वाडग्यांपैकी बऱ्याच जणांचं मरण इथे होतं.

तो आकडा शोधायचा कसा?

पाच पट्ट्यांनी. आठवडा जातो, पण नंतरचं वर्ष वाचतं.

चाचणीपुरतं केओलिन ५० वर थांबवा. फेल्डस्पार १६, १९, २२, २५, २८ घ्या आणि क्वार्ट्झ अनुक्रमे ३४, ३१, २८, २५, २२. प्रत्येकी ५०० ग्रॅम कोरडं मिश्रण पुरतं. विरीसाठी (माती न फाटता वळावी म्हणून) जे काही घालणार आहात ते पाचही मिश्रणांत सारखंच, वरून दोन टक्के. प्रत्येकाच्या १ सेंटिमीटर जाड, अडीच रुंद आणि वीस लांब अशा निदान सहा पट्ट्या करा. ओल्या असतानाच त्यांच्यावर बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन रेघा ओढा. भाजल्यावर रेघांमधलं अंतर ८७ आलं तर आकसणं १३ टक्के, वेगळं गणित नको. चाकावरच्या पोर्सेलिनला १२ ते १६ टक्के नेहमीचं आहे.

तीन पट्ट्या सपाट ठेवा. तीन पट्ट्या दोन विटांच्या तुकड्यांवर पुलासारख्या ठेवा, मधलं अंतर पंधरा सेंटिमीटर. ही दुसरी रांग खरं बोलते. कुठली पट्टी सरळ राहिली, कुठली झोळीसारखी लोंबली, ते मोजून वहीत लिहा.

पाणी पिण्याची चाचणी अशी: सपाट पट्टी कोरडी तोला, पाच तास पाण्यात उकळा, चोवीस तास त्याच पाण्यात ठेवा, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तोला. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. अर्ध्या टक्क्याच्या आत आलं की पोर्सेलिन म्हणायला हरकत नाही. घाई असेल तर पट्टी मोडून ताज्या कडेला जीभ लावा. चिकटली तर अजून पिकलेली नाही. फाउंटन पेनची शाई टाकून पुसली आणि डाग राहिला, तरी तेच.

वहीत तुम्हाला बहुधा असं दिसेल: कमी फेल्डस्पारची पट्टी ताठ आणि तहानलेली, पुढची कमी तहानलेली, मग एक अशी की जी पाणी पीत नाही आणि लोंबतही नाही, त्यापुढची लोंबलेली, आणि शेवटची कदाचित फुगलेली, आत बारीक बुडबुडे. तुमचा आकडा त्या मधल्या पट्टीचा, त्यातही जरा ताठ बाजूचा. भट्टीचा एखादा कोपरा नेहमीच जास्त तापतो, त्याला वाव ठेवायला हवा.

एकही पट्टी दोन्हीत पास झाली नाही तर?

मग फेल्डस्पार सोडून दुसऱ्या दोघांकडे वळा. पाणी पीत नाही पण लोंबते, अशी पट्टी असेल तर क्वार्ट्झमधले पाच भाग काढून केओलिनमध्ये द्या. तरी लोंबली तर क्वार्ट्झच्या जागी ३ ते ५ टक्के बारीक कॅल्साइन्ड (आधीच भाजलेली) ॲल्युमिना घाला. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि जमलं, तर कशामुळे जमलं हे कळत नाही. बिघडलं तरी कळत नाही.

पोटॅश की सोडा फेल्डस्पार?

१३०० च्या वर पोटॅश. त्याची काच जड असते आणि पिकणं ते बसणं यांच्यामधली जागा रुंद असते. सोडा फेल्डस्पार लवकर पातळ होतो, उजेड छान दाखवतो आणि मग अचानक वाडगा पसरट होतो. पातळ, छोट्या, आतून आधार दिलेल्या वस्तूंसाठी थोडा सोडा मिसळणारे लोक आहेत. मी नाही मिसळत.

केओलिन कुठून घ्यावं?

केरळातलं (कोल्लमजवळचं कुंडरा आणि तिरुवनंतपुरमजवळचं थोन्नक्कल हे पट्टे जुने आहेत), राजस्थानातलं किंवा गुजरातेतलं. जे तुम्हाला वर्षभर त्याच दर्जाचं मिळेल ते. सिंधुदुर्गातही चिनी माती आहे, आणि कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू तर प्रसिद्धच आहे. कोकणातल्या मातीचं पोर्सेलिन ही कल्पना मलाही आवडते. पण लोह आणि अभ्रक किती, हे प्रत्येक खेपेला तपासावं लागतं. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ आपल्याकडे बहुतेक राजस्थानातूनच येतात.

एक सूचना कळकळीची: पोतं संपायच्या आधी नवं घ्या आणि दोन्हींच्या पट्ट्या शेजारी शेजारी भाजा. एका व्यापाऱ्याने मला त्याच नावाचं, त्याच भावाचं केओलिन दिलं आणि चोवीस कपांची ऑर्डर किंचित पिवळसर निघाली. नाव तेच होतं, खाण बदलली होती.

शाडूपासून पोर्सेलिन होईल का? गणपतीनंतर घरात बरीच उरते.

नाही. शाडू हे बाजारातलं नाव आहे, खनिजाचं नव्हे. रंग उजळ आणि हाताला मऊ, एवढीच त्याची हमी. कुतूहल असेल तर कोरड्या खड्यावर ॲसिडचा थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे. आणि भाजायचंच असेल तर छोटी गोळी एका वाटीत ठेवून भाजा, शेल्फवर नको. ती वितळून शेल्फला चिकटली तर शेल्फ गेला. उरलेली शाडू भिजवून पुढच्या वर्षी मूर्तीला वापरा.

पोर्सेलिन चाकावर उभंच राहत नाही. चीजसारखं तुटतं. उपाय?

भाकरी थापणाऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे: विरी. पिठाला विरी नसली की कडा फाटतात. केओलिनचे कण जाड असतात, त्याला विरी कमीच. ती बाहेरून आणावी लागते आणि प्रत्येक मार्गाची किंमत असते.

बॉल क्ले (अगदी बारीक कणांची चिकट माती) हा पहिला मार्ग. गुजरातेतल्या थान किंवा राजस्थानातल्या बिकानेरकडची बॉल क्ले १० ते १५ टक्के घातली तर माती लगेच ऐकू लागते. पण बॉल क्लेमध्ये लोहासोबत टायटॅनियम येतं, आणि हे दोघे एकत्र आले की पांढरा रंग करडा-पिवळट होतो, उजेड मरतो.

दुसरा मार्ग बेंटोनाइट (पाण्यात खूप फुगणारी माती), १ ते ३ टक्के. आपल्याकडचं कच्छचं बेंटोनाइट स्वस्त आणि दमदार, पण त्यात लोह भरपूर. समजा सहा टक्के लोह असलेलं बेंटोनाइट तीन टक्के घातलं, तर मातीत ०.१८ टक्के लोह वाढलं. ज्या केओलिनमध्ये मुळात अर्धा टक्का आहे, तिथे ही वाढ डोळ्यांना दिसते. पांढरं बेंटोनाइट महाग पडतं, पण दोन टक्क्यांचाच प्रश्न असतो. मी तिथे पैसे घालते आणि बॉल क्ले पूर्ण टाळते. बेंटोनाइट कधीही ओल्या मातीत टाकू नका, गुठळ्या होतात. एकतर कोरड्या भुकटीत आधी मिसळा, नाहीतर रात्रभर पाण्यात फुगवून मग बाकीचं घाला.

तिसरा मार्ग फुकटचा आहे: थांबणं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते. मातीचं उलटं, जुनी होईल तशी विरी वाढते. पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचायला आठवडे लागतात. दोन-तीन महिने झाकून ठेवलेली माती आणि कालची माती यांतला फरक बोटांना लगेच कळतो.

ठेवलेली माती उलट सैल आणि रबरासारखी झाली. का?

फेल्डस्पार पाण्यात अगदी थोडा विरघळतो आणि पाण्यात अल्कली सोडतो. मग कण एकमेकांना धरून राहत नाहीत. मळलं की पातळ, ठेवलं की कडक. भिजवतानाच पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, किंवा कोरड्या वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून घाला. कोरड्या मिश्रणाच्या दहा किलोला दहा ते वीस ग्रॅम, म्हणजे फार काही नाही.

क्वार्ट्झ किती बारीक हवा? जितका बारीक तितका चांगला ना?

नाही, आणि या प्रश्नावर मी जास्त वेळ घेणार आहे.

क्वार्ट्झ थंड होताना ५७३ अंशांना एकदम आकसतो. भोवतालची काच तितकी आकसत नाही. कण मोठा असेल, समजा ७५ मायक्रॉनच्या वर, तर कणाभोवती बारीक तडे जातात आणि भांडं कमकुवत होतं. म्हणून २०० मेशच्या (चाळणीच्या एका इंचात २०० भोकं) आतला तरी हवाच, ३२५ मेशचा चांगला.

पण अति बारीक असेल तर तो चटकन विरघळून काचेत जातो. काच वाढते, भांडं बसण्याकडे झुकतं. आणि १३५० च्या वर, वितळणारा द्रव कमी असताना, जास्त वेळ थांबवलं तर न विरघळलेल्या बारीक सिलिकेचं क्रिस्टोबलाइट (सिलिकेचंच दुसरं स्फटिकरूप) होऊ शकतं. ते थंड होताना २२० अंशांच्या आसपास झटका देऊन आकसतं. भट्टी उघडल्यावर धडधाकट दिसणारी ताटली दोन दिवसांनी कपाटात 'टिंग' करून फुटते, त्यामागे हे असू शकतं. पुरेसा फेल्डस्पार असलेल्या पोर्सेलिनमध्ये क्रिस्टोबलाइट सहसा होत नाही. म्हणजे फेल्डस्पार कमी करतानाही एक तळ आहे, हे ध्यानात ठेवा.

कणांच्या आकाराचा ताकदीवर काय परिणाम होतो यावर बरंच संशोधन झालं आहे, आणि १० ते ३० मायक्रॉनचा क्वार्ट्झ सगळ्यात मजबूत पोर्सेलिन देतो असं त्यातून पुढे आलं. विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर बनवणारे तर बऱ्याचदा क्वार्ट्झच्या जागी ॲल्युमिनाच घालतात. ताकद फार वाढते, पण उजेड जातो. कपाला ते नको.

माझं पोर्सेलिन पांढरं नाही, दुधावरच्या सायीसारखं पिवळसर आहे.

इलेक्ट्रिक भट्टीत भाजलं का? मग बहुधा तसंच राहणार. लोह हवेशी पूर्ण जोडलेलं असलं की पिवळं दिसतं. गॅसच्या भट्टीत साधारण १०५० अंशांपासून हवा कमी करून धुरकट वातावरण ठेवलं की तेच लोह निळसर झाक देतं आणि डोळ्यांना भांडं जास्त पांढरं वाटतं. कपड्याला नीळ लावतात ना, तसंच.

वेळ महत्त्वाची. ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा थर) वितळून बंद व्हायच्या आधी सुरू करायला हवं, नंतर धूर आत पोचत नाही. फार लवकर आणि फार दाट केलं तर काजळी आतच कोंडते, राखाडी डाग राहतात. १४०० कडे जाणाऱ्या भट्टीत हे फक्त रंगासाठी नसतं: पूर्ण ऑक्सिडाइज झालेलं लोह १२०० च्या बरंच वर प्राणवायू सोडतं, आणि तोवर काच झालेल्या भांड्यात तो फोड आणतो. म्हणून आधीच त्याचं रूप बदलून घ्यायचं.

टायटॅनियमला मात्र यात काही उपाय नाही. ते मातीतच कमी हवं.

आणि तपकिरी ठिपके? ते रसायन नव्हे, गंज आहे. लोखंडी बादली, जुनी चाळण, चाकाच्या ताटलीचा स्क्रू. स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) १२० मेशमधून गाळा आणि चाळणीखालच्या भांड्यात मोठं लोहचुंबक ठेवा. पहिल्यांदा चुंबकाला काय चिकटलं ते बघून मी चाळणी बदलली.

उजेड दिसण्यासाठी काय वाढवू?

जाडी कमी करा. दोन मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय तक्रार करू नका. त्यानंतर टायटॅनियम कमी असलेलं केओलिन, आणि मग शिखर तापमानाला पंधरा-वीस मिनिटं जास्त थांबणं. फेल्डस्पार वाढवणं हा शेवटचा उपाय.

माझ्या इलेक्ट्रिक भट्टीवर १३०० लिहिलं आहे. १३५० ला नेऊ?

नका. नेहमीच्या लोह-क्रोम-ॲल्युमिनियमच्या तारांना स्वतःला १४०० च्या आसपास मर्यादा असते, आणि तार नेहमी भट्टीपेक्षा जास्त तापलेली असते. १३०० लाच तारा लवकर म्हाताऱ्या होतात. १३५० च्या वर जायचं तर सिलिकॉन कार्बाइड किंवा मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट लागतात, नाहीतर गॅस. विटाही बघा: १२६० च्या प्रतीच्या इन्सुलेशन विटा आणि फायबर ब्लँकेट अशा भट्टीच्या आतल्या अंगाला चालत नाहीत. कॉर्डिएराइटचे शेल्फ वाकतात, सिलिकॉन कार्बाइडचे घ्या.

माझं स्पष्ट मत: चहाचे कप आणि वाडगे करणाऱ्याला १२८० ते १३०० पुरेसं आहे. १३५० च्या वर जाण्याला कारण हवं, उदाहरणार्थ सुरीचा ओरखडा न उमटणारं कठीण ग्लेझ किंवा रसायनं सोसणारं भांडं. "जास्त तापमान म्हणजे जास्त अस्सल" हे कारण नव्हे. शेवटच्या पन्नास अंशांना गॅस किती जातो, ते सिलिंडर बदलताना कळतं.

पायरोमीटर १३०० दाखवतो, पण माती पिकत नाही.

के प्रकारचा थर्मोकपल (पायरोमीटरची तापमान टिपणारी तार) १२०० च्या पुढे वारंवार वापरला की भरकटतो. या तापमानाला प्लॅटिनमचा, आर किंवा एस प्रकारचा लावा. आणि तरीही कोन (ठरावीक उष्णता मिळाली की झुकणारे छोटे शंकू) ठेवाच. मातीला आकडा कळत नाही, किती वेळ किती उष्णता मिळाली ते कळतं. दहा नंबरचा ऑर्टन कोन तासाला ६० अंशांच्या चढणीला १२८५ च्या सुमारास झुकतो, तासाला १५० अंशांनी चढवलं तर १३०५ ला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये हे शंकू काढले, आणि त्यावर अजून कुणाला चांगलं काही सुचलेलं नाही.

आमच्या घरात बोन चायना चालत नाही. पोर्सेलिन चालेल का?

चालेल. बोन चायनात जवळपास निम्मी गुरांच्या हाडांची राख असते, पोर्सेलिनमध्ये हाडं नसतात. माती आणि दगडच. आणि आजीची लोणच्याची 'चिनी मातीची बरणी' या दोघांपैकी काहीच नाही. ती स्टोनवेअर, म्हणजे जाड, उजेड न दाखवणारं भाजलेलं भांडं.

चिनी लोकांकडे फेल्डस्पारचं पोतं नव्हतं. मग त्यांनी कसं केलं?

त्यांच्याकडे दगड होता. जिंगदेजेनच्या आसपासचा पोर्सेलिन स्टोन म्हणजे क्वार्ट्झ आणि बारीक अभ्रक, निसर्गानंच मिसळलेलं. तो कांडून, धुवून त्याच्या विटा करायच्या आणि त्यात गाओलिंग डोंगराची माती घालायची. त्या डोंगरावरूनच 'केओलिन' नाव आलं. आपल्या केओलिनमधल्या अभ्रकाला मी वर नावं ठेवली, पण तिथे सगळं काम अभ्रकच करायचा. द'आन्त्रकोल या फ्रेंच पाद्र्याने १७१२ च्या पत्रात हे सगळं लिहून पाठवलं. युरोपीय लोक नुसत्या दगडाचं पोर्सेलिन करू पाहतात, म्हणजे हाडांशिवाय मांसाचं शरीर, अशी तिथल्या लोकांनी केलेली थट्टाही त्यात आहे.

तोवर जर्मनीत बॉटगर या किमयागाराने वेगळ्या वाटेनं पोर्सेलिन गाठलं होतं. मायसेनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला आणि तिथल्या पहिल्या पांढऱ्या पोर्सेलिनमध्ये फेल्डस्पार नव्हता, अलाबास्टर होता. म्हणजे वितळवण्याचं काम चुन्याकडे. फेल्डस्पार नंतर आला. फ्रान्सला लिमोजजवळ सँत-इरिएक्स इथे केओलिन सापडलं १७६८ मध्ये. प्रत्येकाने आपल्या पोत्यात जे होतं त्याच्याभोवती भट्टी बांधली.

याच मातीची साच्यात ओतायची स्लिप करता येईल?

हो, पण बेंटोनाइट काढून टाका. ते स्लिप घट्ट करतं आणि साचा बुजवतं. स्लिप वाहती व्हायला सोडियम सिलिकेट कोरड्या वजनाच्या ०.२ ते ०.४ टक्के, थोडं थोडं करून. एक लिटर स्लिपचं वजन १७५० ते १८०० ग्रॅम भरलं पाहिजे. व्हिनेगर किंवा एप्सम सॉल्ट घातलेली माती स्लिपसाठी वापरू नका, दोन्ही सोडियम सिलिकेटच्या उलट दिशेने ओढतात.

कप शेल्फला चिकटतात.

काच झालेली माती चिकटणारच. बुडाखाली ॲल्युमिना हायड्रेट आणि केओलिनचं पातळ लेपण लावा. शेल्फच्या लेपात क्वार्ट्झ नको. कपाचं तोंड वाकडं होत असेल तर कान जोडलेल्या जागी बघा. पोर्सेलिन ओलं असताना दिलेला धक्का लक्षात ठेवतं आणि भट्टीत तो परत करतं.

कोरडी भुकटी मिसळताना साधा रुमाल बांधला तर चालेल?

चालणार नाही. क्वार्ट्झच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि फुफ्फुसाला झालेली ती इजा भरून येत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि पाण्यात भुकटी टाका, भुकटीवर पाणी नको. धूळ कमी उडते.

वाळलेले, न भाजलेले तुकडे परत वापरता येतात?

येतात, पूर्ण वाळवून मग भिजवा, ओलसर तुकडे भिजत नाहीत. पण चाकाखालच्या ताटातला गाळ आणि तुकडे एकत्रच घाला: बारीक कण पाण्यासोबत गाळात गेलेले असतात, नुसते तुकडे घेतले तर विरी आणखी कमी होते. प्लास्टरच्या लादीवर वाळवत असाल तर लादीची कडा ओरखडू नका. प्लास्टरचा मोहरीएवढा कण मातीत गेला तरी भाजल्यावर तिथे खपली उडते.